फर्स्ट इयर, एक्झिट आणि बाळकुमच्या पलीकडचं गोडाऊन

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं बोलले तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. लेक्चरला बसला असाल तर बंद करा आणि नंतर ऐका. हजेरीचा विषय आज येणारच आहे, तेव्हा उगाच माझ्यामुळे तुमची हजेरी जायला नको.

आजचा भाग फर्स्ट इयरवाल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. मी बाळकुमला राहते आणि ठाणे स्टेशनच्या बाजूच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिली सेमिस्टर संपलीय, दुसरी सुरू होतेय. आणि या मधल्या दिवसांत घरी, कॅन्टीनमध्ये, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय. "पुढे काय?"

बऱ्याच जणांना हा प्रश्न लग्नात भेटणारे काका विचारतात. हसून 'बघू' म्हटलं की संपतो. माझ्या घरी तो पगाराच्या आकड्यासकट आला. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. तो रविवारी जेवायला आला आणि म्हणाला, "आता नवीन नियम आलाय ना, एका वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं. पहिलं वर्ष काढ, एक्झिट घे आणि जूनपासून माझ्याकडे लाग. तीन वर्षं घासून शेवटी इथंच येणार असशील, तर आत्ताच ये."

आई ताटात भात वाढता वाढता थांबली. पप्पा काही बोलले नाहीत. पप्पांचा टेम्पो आहे, त्याचे हप्ते चालू आहेत. धाकटा भाऊ दहावीला आहे. त्यामुळे दादाचं बोलणं काही उडवून लावण्यासारखं नव्हतं. तो माझ्या भल्याचंच सांगत होता.

मग मी म्हटलं, ठीक आहे. आधी नियम काय आहे तो तर नीट बघू. जे समजलं ते तुम्हालाही सांगते, कारण आमच्या वर्गात निम्म्या लोकांना हे माहीत नाही.

एक्झिट म्हणजे काय रे भाऊ?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं 2020 मध्ये. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत ते 2023-24 पासून लागू झालं आणि विद्यापीठाशी संलग्न बाकीच्या कॉलेजांत 2024-25 पासून. आता डिग्री चार टप्प्यांची आहे. एक वर्ष केलं की सर्टिफिकेट, दोन वर्षं केली की डिप्लोमा, तीन वर्षांनी नेहमीची पदवी आणि चौथं वर्ष केलं की ऑनर्स.

ऐकायला किती सोपं! पण बारीक अक्षरांत काय आहे ते ऐका. एका सेमिस्टरला साधारण 22 क्रेडिट, म्हणजे वर्षाला 44. ते सगळे मिळवले आणि एक्झिट घ्यायची ठरवली, तर त्यावर आणखी 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. तेव्हा कुठे सर्टिफिकेट हातात येतं. 'केटी लागलीय, कंटाळा आलाय, चला एक्झिट घेऊ' असं होत नाही. विषय राहिले असतील तर सर्टिफिकेट नाही. ते नुसतं कॉलेज सोडणं झालं, आणि ते तर पूर्वीपासूनच सगळ्यांना येत होतं.

दुसरी गोष्ट परत येण्याची. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करावी लागते. तोवर तुमचे क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. ज्यांनी अजून आपलं खातं उघडून पाहिलं नाही त्यांनी आज पाहा. डिजिलॉकरमधून पाच मिनिटांचं काम आहे.

म्हणजे दार उघडं आहे, हे खरं. पण मी आमच्या आळीतल्या लोकांकडे पाहिलं. मधूनच शिक्षण सोडून कामाला लागलेले किती जण परत वर्गात बसले? मला एकही आठवेना. पगाराची सवय लागते, घराला त्या पगाराची सवय लागते, मग हप्ता वाढतो, मग लग्न. नियमाने परत यायची सोय ठेवलीय, पण घरातला महिन्याचा हिशोब ती सोय ठेवत नाही. एक्झिटचा विचार करणाऱ्यांनी 'परत येता येतं का' एवढंच विचारू नये. 'मला परत कोण येऊ देईल' हेही स्वतःला विचारावं.

बावीस क्रेडिटची थाळी

आता जे एक्झिट घेत नाहीयेत त्यांच्याकडे वळू. तुमच्या टाइमटेबलवर मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असली अक्षरं आहेत ना? पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं कोणीतरी वायफायचा पासवर्ड लिहिलाय.

साध्या भाषेत सांगते. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय. त्याला पहिल्या सेमिस्टरला साधारण 6 क्रेडिट. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, दुसऱ्या शाखेतला विषय, 4 क्रेडिट. सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक, असलं काहीतरी, 2 क्रेडिट. बाकी कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे दोन-दोन क्रेडिटचे पेपर. आणि दुसऱ्या सेमिस्टरला येतो मायनर, म्हणजे तुमचा जोडविषय. तो आत्ता 2 क्रेडिटचाच असतो, पण पुढच्या वर्षी त्याचं वजन वाढतं.

नीट बघा, 22 पैकी फक्त 6 तुमच्या मुख्य विषयाचे आहेत. आपण मात्र 'कॉमर्सला आहे' म्हणतो आणि बाकीचे पेपर 'ते असंच, पास व्हायचं' म्हणून सोडून देतो. ओईचा गुगल फॉर्म येतो, रात्री बाराची मुदत असते आणि अकरा पन्नासला ग्रुपवर मेसेज पडतो, 'तू काय भरलं? मी पण तेच भरतो.' संपलं! आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा विषय निवडायला मिळाला होता, आणि तो बेस्ट फ्रेंडने निवडला.

मला वाटतं पहिल्या वर्षाचा खरा उपयोग इथंच आहे. दिशा सापडली पाहिजे असं जे टेन्शन आपण घेतो, ते अठराव्या वर्षी कुणाचंही सुटत नाही. पण दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे साधारण 30 तास. 30 तासांत एखाद्या विषयाची चव कळते. नाही आवडला तर तुम्ही 30 तास दिलेत, तीन वर्षं दिली नाहीत. इतक्या स्वस्तात प्रयोग करायची सोय पुढे नोकरीत कोणी देत नाही.

माझा ओई आणि दादाचं गोडाऊन

माझं सांगते. मी ओईला भूगोल घेतला. कॉमर्सची मुलगी आणि भूगोल, सगळे हसले. घेतला कारण रोज सकाळी बाळकुम नाक्यावर बसची वाट बघत उभी असते आणि समोरून नुसते कंटेनर जात असतात. कापूरबावडीकडून येतात, कशेळीच्या पुलावरून खाडीपलीकडे जातात. पलीकडे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, दापोडे. गोडाऊनच गोडाऊन. मुंबईकर मोबाईलवर बटण दाबतो ना, तो बॉक्स बहुतेक वेळा इथून निघतो. मला लहानपणापासून प्रश्न होता की हे सगळं इथंच का? कोणी नीट सांगितलं नव्हतं. मॅडमनी उद्योगांच्या स्थानाचा धडा सुरू केला तेव्हा मी तोच प्रश्न विचारला.

उत्तर एकदम भारी आहे, ऐका. एक म्हणजे रस्ता. मुंबई-आग्रा महामार्ग बाजूनेच जातो. दुसरं, न्हावा-शेवा बंदर. ते 1989 मध्ये सुरू झालं आणि तिथला माल इकडे आणणं सोयीचं. तिसरी आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे जकात. पूर्वी मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागायची. मुलुंडचा जकात नाका आठवतो? आपल्याला नाही आठवणार, पप्पांना विचारा, ते ट्रकच्या रांगांच्या कथा सांगतील. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? माल शहराच्या हद्दीबाहेर, भिवंडी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या जागेत साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. जागा स्वस्त, आणि जकात भरायची ती लागेल तेव्हाच.

मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. आता मला वाटलं, कारणच गेलं म्हणजे गोडाऊनही जाणार. उलट झालं! पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात छोटी छोटी गोडाऊन ठेवायच्या. जीएसटीनंतर त्याची गरज कमी झाली. थोड्या ठिकाणी, पण मोठी गोडाऊन परवडायला लागली. त्यात ऑनलाइन खरेदी वाढली. आणि भिवंडीकडे जागा होती, रस्ता होता, काम करणारे हात होते.

हे मी घरी सांगितलं तेव्हा पप्पा पहिल्यांदा माझ्या अभ्यासाबद्दल अर्धा तास बोलले. वीस वर्षं ते याच रस्त्यावर टेम्पो चालवतात. भाडी 2017 नंतर कशी बदलली हे त्यांना माहीत होतं, का बदलली ते माझ्या वहीत होतं. आणि मला तेव्हा कळलं की दादा मला ज्या गोडाऊनमध्ये बोलावतोय, तिथं खाली पॅकिंग करणारे आहेत आणि वर केबिनमध्ये कुठला माल कुठल्या गाडीत, किती वाजता, कुठल्या बिलावर हे ठरवणारेही आहेत. दोन्ही कष्टच आहेत. पण बारावीवाल्याला खालचं काम मिळतं, आणि खालून वर जायचा जिना प्रत्येक गोडाऊनला असतोच असं नाही.

कंपनीत लागला की झालं

आता थोडं मागे जाते. आमच्या आजीच्या तोंडी एक वाक्य असतं, "कंपनीत लागला की झालं." तिच्या काळात ते खरंच होतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत आपल्याच ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये झाली. रेमंडची गिरणी तर त्याच्याही आधीची, 1925 ची. बाळकुमच्या जवळ कोलशेत रोडला बायर, क्लॅरियंट अशा मोठ्या रसायन कंपन्या. कायम नोकरी, पीएफ, दिवाळीला बोनस. दिशा शोधायची गरजच नव्हती, सायरन वाजला की दिशा कळायची.

आज त्या कंपन्यांच्या जागेवर काय आहे? टॉवर. स्विमिंग पूलवाले टॉवर. वागळे इस्टेटमध्ये आता यंत्रांपेक्षा ऑफिसं जास्त दिसतात. कोणावर राग म्हणून सांगत नाहीये. मुद्दा एवढाच की आजीच्या पिढीने एक दिशा धरली आणि ती निवृत्तीपर्यंत पुरली. आपल्याला धरलेली दिशा तेवढी पुरेल याची खात्री नाही. आज गोडाऊन आहेत, उद्या तिथं यंत्रं बॉक्स उचलतील, परवा तिथंही टॉवर येतील. कायम राहणारी नोकरी शोधण्यापेक्षा, नोकरी बदलली तरी आपल्याकडे काय उरेल, हे बघायला हवं. माझ्या मते डिग्रीचा कागद हा त्यातला एक भाग, आणि 'हे असं का?' विचारायची सवय हा दुसरा.

कॅम्पस म्हणजे फक्त कॅन्टीन नव्हे (पण कॅन्टीनही)

लोक विचारतात, "बाळकुमलाच मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र आहे, मग तू स्टेशनला कशाला जातेस?" उपकेंद्र आहे, पण तिथं ठरावीक अभ्यासक्रम आहेत. बारावीनंतरचे कायदा आणि व्यवस्थापनाचे पाच वर्षांचे कोर्स त्यात आहेत. बी.कॉम.साठी आपल्याला बसच धरावी लागते. पण ज्या बारावीवाल्यांना वकिली करायचीय आणि जे सकाळी सहाची लोकल धरून मुंबई गाठायच्या तयारीत आहेत, त्यांनी घराजवळचं हे ठिकाण एकदा बघून यावं.

कॅम्पसवर मला सगळ्यात जास्त दिलं ते एनएसएसने. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. आम्ही गणपती विसर्जनाला निर्माल्य गोळा करायला उभे होतो. मला ड्युटीचा तक्ता करायला दिला. चाळीस मुलं, तीन घाट, दोन टेम्पो, रात्री एकपर्यंत. कोण कुठे, कुठला टेम्पो कधी भरणार, मुलींना घरी कोण सोडणार. पाऊस आला तेव्हा तक्ता फाटला आणि मी तो डोक्यातून चालवला. त्या रात्री मला कळलं की हे काम मला जमतं आणि आवडतं. कुठल्याही ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये हे आलं नव्हतं.

तुमच्यासाठी ते नाटक असेल, युवा महोत्सव असेल, कबड्डी असेल. पण एक तरी गोष्ट अशी धरा जिथं तुमच्यावाचून कोणाचं तरी अडेल. तिथंच स्वतःची ओळख होते.

आणि अभ्यासाला घरी जागा नसेल तर लायब्ररी गाठा. आमच्या घरी एकाच खोलीत टीव्ही, शिलाई मशीन आणि दहावीचा भाऊ आहे, त्यामुळे मी अनुभवाने बोलतेय. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. स्पर्धा परीक्षांचा विचार असेल तर ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. महागडा क्लास लावायच्या आधी तिथं जाऊन चौकशी करा.

ज्यांना कमवावंच लागतं त्यांच्यासाठी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'पैशाचा विचार करू नकोस, शिक' असं म्हणणं सोपं आहे. ज्याच्या घरी गरज आहे त्याला ते टोचतं. तर पर्याय बघू.

रेग्युलर कॉलेजला 75 टक्के हजेरीचा नियम आहे. त्यामुळे फुलटाइम शिफ्ट आणि रेग्युलर कॉलेज हे एकत्र चालत नाही. पण डिग्री आणि नोकरी चालू शकते. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, ज्याला सगळे 'आयडॉल' म्हणायचे, ते 1971 पासून आहे. आता त्याचं नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. कामाला लागायचंच असेल, तर शिक्षण सोडण्यापेक्षा शिक्षणाचा प्रकार बदला. दोन्हीत फार फरक आहे.

दुसरं, शिष्यवृत्ती. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खात्याला आधार जोडलेलं. कटकट आहे, मान्य. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. तिसरं, कॉलेजमध्ये 'कमवा आणि शिका' योजना आहे का ते ऑफिसात विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वतःच्या कष्टावर शिकायची वाट हजारो पोरांना दाखवली. लायब्ररीत पुस्तकं लावून फी भरण्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट मिरवा!

मग माझं काय ठरलं?

मी दादाला भेटायला काल्हेरला गेले. नाही म्हणायला गेले होते, पण आधी गोडाऊन पूर्ण फिरून बघितलं. मग त्याला विचारलं, "दादा, जूनपासून नाही, पण मे महिन्यात सुट्टीत तुझ्या बिलिंगच्या टेबलावर मला घेशील का? पगार कमी दे, पण काम ते दे." तो म्हणाला, "तुला ते कोण देणार?" मी निर्माल्याच्या तक्त्याचा फोटो दाखवला. तो हसला, मग म्हणाला, "साहेबांना विचारतो." अजून उत्तर आलेलं नाही.

एक्झिट घेत नाहीये. मायनरला अर्थशास्त्र भरलंय, मुदतीच्या दोन दिवस आधी, कोणालाही न विचारता. संध्याकाळी आळीतल्या पाचवी ते सातवीच्या सहा मुलांची शिकवणी घेते, त्यातून माझा बसचा पास आणि पुस्तकं निघतात. टेम्पोचा हप्ता नाही निघत. ते पप्पांच्या खांद्यावर अजून दोन-अडीच वर्षं राहणार, हे मला माहीत आहे. मी ते त्यांना तसंच सांगितलं. पप्पा म्हणाले, "बघ तू. पण दर सेमिस्टरचा निकाल मला दाखवायचा. मला वाचता येतो." एवढंच. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

तिसऱ्या वर्षानंतर ऑनर्सचं चौथं वर्ष करायचं की नोकरी, हे ठरलेलं नाही, आणि ते आज ठरवायची गरजही नाही.

जाता जाता तुमच्यासाठी तीन कामं. एक, मायनर आणि ओईचा फॉर्म भरायच्या आधी त्या विषयाचा सिलॅबस विद्यापीठाच्या वेबसाइटवरून उघडा आणि फक्त पहिलं पान वाचा. दोन, ज्या कामाकडे जायचा विचार आहे, ते काम करणाऱ्या एका माणसाला भेटा आणि त्याचा कालचा दिवस कसा गेला ते विचारा. पगार नंतर विचारा. तीन, घरी पैशाबद्दल एकदा मोकळं बोला. हप्ता किती, फी किती, गरज किती. आकडे कळले की भीती थोडी कमी होते, आणि भांडणंही.

चला, माझी बस आली. पुढचा भाग परीक्षेनंतर. तोपर्यंत हजेरी लावा, डबा न्या, आणि फॉर्म स्वतः भरा. भेटू!